हिमालयातील जुनी घरे : कमी कर्ब उत्सर्जनात ऊब मिळविण्याचे पर्याय

भारतातील इमारती आणि ऊर्जा यांचा विचार करताना आपल्यासमोर प्रामुख्याने उन्हाळा येतो. पंखे, वातानुकूलन यंत्रे, तापलेली गच्ची आणि विजेची वाढती मागणी हे या चर्चेचे नेहमीचे विषय होत. परंतु लडाख, काश्मीर, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, सिक्कीम आणि अरुणाचल प्रदेशातील उंचावरील वस्त्यांमध्ये प्रश्न नेमका उलट असतो. तेथील कुटुंबाच्या इंधनाचा मोठा भाग घर उबदार ठेवण्यावर खर्च होतो. घरे जुनी आहेत, त्यांच्या छतांतून, खिडक्यांतून आणि फटींतून उष्णता सतत बाहेर जाते, आणि ती भरून काढण्यासाठी लाकूड, शेणी, कोळसा, केरोसीन किंवा वीज खर्ची पडते.

ही घरे कमीत कमी कर्ब उत्सर्जनात उबदार कशी ठेवता येतील, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पर्यावरण, ऊर्जा, ग्रामविकास आणि सार्वजनिक आरोग्य हे स्पर्धा परीक्षेतील चार विषय येथे एकत्र येतात. विवेचनाचा मुख्य मुद्दा असा, की जुन्या घराच्या बाबतीत उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम उष्णतेची गळती रोखावी, नंतर सूर्याची उष्णता घरात घ्यावी आणि त्यानंतरच इंधन अथवा उपकरण बदलावे. हा क्रम उलटला तर खर्च वाढतो आणि उत्सर्जनातील घट मात्र कागदावरच राहण्याचा संभव असतो.

प्रश्नाचे स्वरूप

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. हिवाळ्यात तेथील रात्रीचे तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. वर्षभराचा पाऊस व हिम मिळून सरासरी सुमारे १०० मिलिमीटर असल्याने वृक्षसंपदा तुटपुंजी आहे. नदीनाल्यांच्या काठी लावलेले पॉप्लर आणि विलो (वाळुंज) हेच येथील मुख्य वृक्ष असून त्यांचे लाकूड घरबांधणीलाही लागते. त्यामुळे जनावरांचे शेण हे येथील परंपरागत इंधन होय. चुलीत जाळलेले शेण शेताला खत म्हणून मिळत नाही, हा त्याचा दुसरा परिणाम. झोजिला खिंडीतून जाणारा रस्ता पूर्वी हिवाळ्यात कित्येक महिने बंद राहत असे. साहजिकच, उन्हाळ्याचे थोडके महिने पुढील हिवाळ्याचे इंधन गोळा करण्यात जात आणि या श्रमाचा मोठा भार स्त्रियांवर पडत असे.

घर तापविण्याची साधने प्रदेशानुसार बदलतात. पत्र्याची, धुराडे असलेली शेगडी म्हणजे बुखारी. ती पश्चिम हिमालयात सर्वत्र आढळते. काश्मीरमध्ये वेताच्या टोपलीत बसविलेल्या मातीच्या भांड्यात निखारे ठेवून ती कांगडी फेरनच्या आत बाळगली जाते. तेथील अनेक घरांत हमाम असतो. हमाम म्हणजे दगडी फरशीखाली लाकडे पेटवून तापविलेली खोली. त्याच आगीवर तांब्याच्या टाकीतील पाणीही गरम होते.

या साधनांची किंमत आरोग्याच्या रूपानेही मोजावी लागते. बंद खोलीतील धुरामुळे श्वसनाचे विकार बळावतात. कांगडीच्या सततच्या उष्णतेने त्वचेवर होणारा कर्करोग वैद्यकशास्त्रात ‘कांगडी कर्करोग’ या नावानेच ओळखला जातो. कोंदट खोलीत साठणारा कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन वायू तर झोपेतच प्राण घेऊ शकतो. शिवाय अपूर्ण ज्वलनातून निघणारी काजळी, म्हणजेच कृष्णकार्बन, हिमावर साचते. काळवंडलेला बर्फ सूर्यप्रकाश अधिक शोषतो आणि लवकर वितळतो. ज्या हिमनद्यांच्या पाण्यावर लडाखची शेती उभी आहे, त्यांच्याच परिसरात हे घडते.

देशाच्या एकूण उत्सर्जनात या घरांचा वाटा लहान आहे, हे मान्य करावयास हवे. मात्र हा वाटा लहान असण्याचे एक कारण म्हणजे कुटुंबे थंडी सहन करतात. संपूर्ण घराऐवजी केवळ स्वयंपाकघर तापविले जाते आणि सारे कुटुंब हिवाळाभर तेथेच राहते. रस्ते, वीज आणि उत्पन्न वाढले की तापविण्याच्या खोल्या आणि तास वाढणार आहेत. त्या वेळी घरे आजच्यासारखीच गळकी राहिली, तर इंधनाची मागणी झपाट्याने वाढेल. आज दडलेली ही मागणी पुढे उत्सर्जनात रूपांतरित होऊ न देणे, हा या विषयाचा गाभा आहे.

उष्णता कोठून निसटते?

उष्णता नेहमी उष्ण बाजूकडून थंड बाजूकडे वाहते. एखाद्या भिंतीच्या एक चौरस मीटर क्षेत्रातून, आतील व बाहेरील तापमानात एक अंशाचा फरक असताना, दर सेकंदाला जितकी ऊर्जा जाते तिला त्या भिंतीचे यू-मूल्य म्हणतात. ते वॅट या एककात मांडले जाते. यू-मूल्य जितके कमी, तितके उष्णतारोधन चांगले. एकेरी काचेच्या खिडकीचे यू-मूल्य साधारण ५.५ असते, दुहेरी काचेचे सुमारे २.८, तर ४५ सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीचे सुमारे १.३ असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जुने घर म्हणजे सर्वच बाबतींत वाईट घर नव्हे. लडाखमधील उन्हात वाळविलेल्या विटांच्या जाड भिंती, हिमाचलमधील लाकूड व दगड यांच्या आलटूनपालटून थरांची काठकुणी पद्धती आणि तळमजल्यावर गुरे बांधून त्यांच्या उबेचा वरच्या मजल्याला लाभ देण्याची योजना यांत हवामानाची चांगली जाण दिसते. याउलट, नऊ इंची विटांच्या भिंतीचे यू-मूल्य सुमारे २ आणि उष्णतारोधन नसलेल्या सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबचे ३ ते ४ इतके असते. म्हणजे अनेकदा जुन्या घराला जोडलेली नवी सिमेंटची खोली जुन्या खोलीपेक्षा अधिक थंड असते. जुन्या घराचे दोष मुख्यतः छत, खिडक्या आणि फटी यांत असतात.

एका खोलीचा हिशेब

समजा, लडाखमधील एका जुन्या घरात ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच अशी खोली आहे. तिच्या दोन भिंती बाहेरच्या बाजूला असून त्यांपैकी दक्षिणेच्या भिंतीत ३ चौरस मीटरची एकेरी काचेची खिडकी आहे. छत पॉप्लरच्या तुळया, काटक्या आणि मातीचे आहे. त्याचे यू-मूल्य १.५ धरू. फटींमुळे खोलीतील हवा तासाला दोनदा बदलते. उंचीवरील हवा विरळ असल्याने तिच्यावाटे जाणारी उष्णता सखल प्रदेशापेक्षा थोडी कमी धरली आहे. जमीन आणि शेजारच्या खोल्या यांचा विचार सोपेपणासाठी वगळला आहे.

तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे या खोलीतून जाणारी उष्णता पुढीलप्रमाणे येते :

छत (१६ चौरस मीटर) : २४ वॅट
बाहेरील भिंती (१७ चौरस मीटर) : २२ वॅट
खिडकी (३ चौरस मीटर) : १७ वॅट
फटींतून जाणारी हवा : १८ वॅट
एकूण : ८१ वॅट

आत १५ अंश आणि बाहेर सरासरी उणे १० अंश असल्यास फरक २५ अंशांचा होतो. म्हणजे ही एक खोली तेवढी उबदार ठेवण्यासाठी सुमारे २ किलोवॅटचा उष्णतास्रोत अखंड चालू ठेवावा लागेल. दिवसाला जवळजवळ ४९ युनिट उष्णता खर्च होईल. एवढे इंधन कोणत्याही सामान्य कुटुंबाला परवडत नाही. म्हणून प्रत्यक्षात बुखारी काही तास पेटते आणि पहाटेपर्यंत खोली गारठते.

पहिला टप्पा : गळती रोखणे

वरील आकडे नीट पाहिल्यास उपायांचा क्रम आपोआप स्पष्ट होतो. सर्वाधिक गळती छतातून आहे. छतावर किंवा छताखाली पेंढा, लाकडाचा भुसा अथवा लोकर यांचा सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा कोरडा थर दिला तर छताचे यू-मूल्य १.५ वरून ०.४ पर्यंत खाली येते आणि २४ वॅटचे ६ वॅट होतात. दारे-खिडक्यांच्या फटी कापडी किंवा रबरी पट्ट्यांनी बुजविल्यास हवेवाटे होणारी गळती १८ वरून ९ वॅटवर येते. केवळ या दोन कामांनी एकूण गळती ८१ वरून ५४ वॅटवर, म्हणजेच एक-तृतीयांशाने कमी होते. ही कामे तुलनेने स्वस्त आहेत, गावातील गवंडी आणि सुतार ती करू शकतात आणि घर रिकामे करावे लागत नाही.

त्यानंतर खिडकीला दुसरी काच आणि भिंतींना आतून किंवा बाहेरून उष्णतारोधक थर, ही अधिक खर्चाची कामे येतात. खिडकीची गळती ८ वॅटवर, तर भिंतींची ८ वॅटवर आणता येते. चारही कामे झाल्यावर एकूण आकडा ३१ वॅट होतो. पूर्वी २ किलोवॅट लागत होते, तेथे आता पाऊण किलोवॅटच्या थोडे वर पुरते. अद्याप कोणतेही नवे उपकरण घेतलेले नाही. तरीही गरज ६० टक्क्यांहून अधिक घटली आहे.

साहित्याच्या निवडीत स्थानिकतेला महत्त्व आहे. मेंढ्यांची जाडीभरडी लोकर, पेंढा आणि भुसा यांच्या निर्मितीत ऊर्जा फार थोडी लागते व वाहतूकही वाचते. मात्र हे पदार्थ ओले झाल्यास निकामी होतात आणि धुराड्याच्या जवळ ठेवल्यास पेट घेऊ शकतात. म्हणून ओलावारोधक आच्छादन आणि धुराड्यापासून सुरक्षित अंतर या दोन्ही अटी पाळाव्या लागतात.

दुसरा टप्पा : सूर्याची उष्णता

लडाखमध्ये वर्षातील सुमारे ३०० दिवस निरभ्र असतात. लेहचे अक्षांश ३४ अंश उत्तर असल्याने २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ साडेबत्तीस अंश वर असतो; त्याचे किरण दक्षिणेकडील उभ्या काचेतून खोलीत खोलवर पोहोचतात. जूनमध्ये तोच सूर्य साडेएकोणऐंशी अंशांवर असतो आणि छताची छोटी पागोळी त्याला अडवू शकते. हिवाळ्यात ऊन घ्यावे आणि उन्हाळ्यात टाळावे, ही सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. यंत्राविना, केवळ घराच्या रचनेतून सूर्यउष्णता वापरण्याच्या या पद्धतीला निष्क्रिय सौर तापन असे म्हणतात. जुन्या घरांना लागू पडणारे तिचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार थेट ग्रहणाचा होय. दक्षिणेची खिडकी मोठी करून ऊन आत घ्यावयाचे आणि जाड भिंती व जमिनीत ते साठू द्यावयाचे. रात्री मात्र जाड पडदा किंवा लाकडी झडप लावणे अनिवार्य ठरते. अन्यथा दिवसाची कमाई रात्री त्याच काचेतून निघून जाते. लडाखी घरांतील काचेच्या मोठ्या खोल्या दिवसा उबदार आणि रात्री अतिशय थंड का होतात, याचे उत्तर येथे मिळते.

दुसरा प्रकार म्हणजे ट्रॉम्ब भिंत. फ्रेंच अभियंता फेलिक्स ट्रॉम्ब यांच्या नावाने ती ओळखली जाते. दक्षिणेच्या जाड भिंतीला बाहेरून काळा रंग देऊन तिच्यापुढे थोडे अंतर सोडून काच बसवितात. भिंत दिवसभर तापते आणि ही उष्णता कित्येक तासांनी, म्हणजे संध्याकाळी व रात्री, आतील बाजूस पोहोचते. भिंतीत वर आणि खाली झरोके ठेवल्यास दिवसाही गरम हवा खोलीत येते. लडाखच्या घरांची जाड मातीची भिंत या कामाला अनुरूप आहे.

तिसरा प्रकार घराला लागून उभारलेल्या हरितगृहाचा. दक्षिणेच्या बाजूला लाकडी सांगाड्यावर पारदर्शक कागद लावून ते हिवाळ्यापुरते उभारता येते. त्यात तापलेली हवा खोलीत घेता येते आणि थोडी भाजीही पिकते. लेहजवळील फे या गावातील सेकमॉल या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा मातीच्या बांधकामाचा परिसर निष्क्रिय सौर तापनाचे उदाहरण म्हणून सर्वज्ञात आहे.

आपल्या खोलीकडे परत येऊ. दक्षिणेच्या काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून निरभ्र दिवशी ३ युनिट उष्णता आत येते असे धरल्यास ३ चौरस मीटरच्या खिडकीतून ९ युनिट मिळतात. जुन्या स्थितीत दिवसाची गरज ४९ युनिट होती. तेव्हा सूर्याचा वाटा एक-पंचमांशाहून कमी पडत असे. सुधारित खोलीची गरज सुमारे १९ युनिट आहे. तिचा जवळजवळ अर्धा भाग तीच खिडकी, तोच सूर्य पुरवितो. सूर्याची देणगी बदललेली नाही, ती टिकवून धरण्याची घराची क्षमता बदलली आहे. गळती रोखण्याचे काम प्रथम का करावे, याचे हे दुसरे कारण.

तिसरा टप्पा : उरलेल्या गरजेसाठी स्रोत

आता दिवसाला सुमारे १० युनिट उष्णता उरते. ती कोणत्या मार्गाने मिळवावी? येथे कर्ब उत्सर्जनाची तुलना उद्बोधक ठरते. भारतीय विद्युत जाळ्यातील एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो, कारण या विजेचा मोठा भाग अद्याप कोळशापासून येतो. विजेचा साधा हीटर एका युनिट विजेपासून एक युनिट उष्णता देतो. म्हणून त्याचे उत्सर्जनही दर युनिट उष्णतेमागे ०.७ किलोच आहे. स्वयंपाकाच्या गॅसपासून तेवढीच उष्णता मिळविताना ढोबळमानाने पाव किलो, धुराडे असलेल्या केरोसीन शेगडीत सुमारे ०.४ किलो, तर कोळशाच्या बुखारीत सुमारे ०.७ किलो उत्सर्जन होते. म्हणजेच, वीज दिसावयास स्वच्छ असली तरी साधा हीटर आजच्या जाळ्यावर कोळशाच्या बुखारीच्याच पंक्तीत बसतो. परीक्षार्थींनी हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा.

उष्मापंप अर्थात हीट पंप हे चित्र बदलतो. फ्रीज ज्या तत्त्वावर आतील उष्णता बाहेर टाकतो, त्याच तत्त्वावर उष्मापंप बाहेरील हवेतील उष्णता आत आणतो. एक युनिट विजेवर तो अडीच ते तीन युनिट उष्णता देऊ शकतो. अशा वेळी दर युनिट उष्णतेमागील उत्सर्जन ०.२३ ते ०.२८ किलोपर्यंत उतरते, म्हणजे गॅसच्या बरोबरीला येते. आणि जाळ्यातील सौर, पवन व जलविद्युतचा वाटा जसजसा वाढेल, तसतसे ते आपोआप आणखी घटेल. गॅस वा केरोसीनच्या शेगडीबाबत असे घडणार नाही. तथापि, बाहेरचे तापमान खूप खाली गेल्यास उष्मापंपाची कार्यक्षमता घटते, बाहेरील भागावर हिम साचते आणि अतिथंड हवामानासाठी बनविलेली यंत्रे महाग असतात. गळक्या घरात मोठा पंप लागतो, बंदिस्त घरात लहान पंप पुरतो. त्यामुळे गळती रोखण्यावर झालेला खर्च पंपाच्या किमतीत अंशतः परत मिळतो.

लाकडाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी पाहाव्यात. तोडलेल्या झाडांइतकी झाडे पुन्हा वाढत असतील तरच ते कमी कर्बाचे इंधन म्हणता येते. आणि काजळीचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. तरीही वीज खंडित होणाऱ्या गावात चांगल्या ज्वलनाची, धुराडे असलेली बुखारी राखीव साधन म्हणून ठेवणे शहाणपणाचे आहे. एक किलो लाकडापासून बुखारीत १.८ युनिट उपयुक्त उष्णता मिळते असे धरल्यास, जुन्या खोलीला दिवसाला सुमारे २२ किलो लाकूड लागेल. सुधारित खोलीला साधारण साडेपाच किलो पुरेल.

शेवटचा पर्याय सर्वांत साधा आहे. कांगडीमागील कल्पना अशी, की खोलीऐवजी माणसाला ऊब द्यावी. ही कल्पना धुराशिवाय अमलात आणता येते. विजेच्या पांघरुणाला साधारण १०० वॅट लागतात. आठ तासांत पाऊण युनिटाहून थोडी अधिक वीज खर्च होते. २ किलोवॅटचा हीटर तेवढ्याच वेळात १६ युनिट घेतो.

प्रदेशाप्रमाणे बदल

लडाखचे उपाय जसेच्या तसे काश्मीर खोऱ्यात उतरविता येत नाहीत. डिसेंबरच्या २१ तारखेपासून सुरू होणाऱ्या चिल्लई कलान या चाळीस दिवसांच्या कडक थंडीत खोऱ्यात ढग आणि हिमवृष्टी वारंवार असते. त्यामुळे सूर्यावर तितके विसंबून राहता येत नाही. मात्र तेथील घरांना उतरते पत्र्याचे छप्पर व त्याखाली पोटमाळा असतो. पोटमाळ्याच्या जमिनीवर उष्णतारोधक थर अंथरणे हे जुन्या घरातील सर्वांत सोपे काम होय. खोऱ्यात हिवाळ्यातच विजेची मागणी शिखरावर असते आणि नद्यांचे पाणी घटल्याने जलविद्युत निर्मिती कमी झालेली असते. अशा स्थितीत प्रत्येक घराने हीटर लावणे हा मार्ग टिकणारा नाही.

हिमाचल प्रदेशाने १९९० च्या दशकात शासकीय इमारतींसाठी निष्क्रिय सौर आराखड्याचे धोरण स्वीकारून या क्षेत्रात पुढाकार घेतला. खाजगी जुन्या घरांपर्यंत असे प्रयत्न पोहोचविणे हे पुढील पाऊल आहे.

धोरणात्मक चौकट

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. या संहितेत सर्व हवामान विभागांसाठी छताचे यू-मूल्य कमाल १.२, तर थंड विभागात भिंती व खिडक्या मिळून कमाल १.८ असे ठरविण्यात आले. आपल्या उदाहरणातील जुन्या खोलीच्या भिंती व खिडकी यांची सरासरी सुमारे १.९५ आणि सुधारित खोलीची ०.८ येते. छताची मर्यादा विदर्भातील तापणाऱ्या स्लॅबलाही तितकीच लागू आहे. थंडीत उष्णता आत ठेवणारा थर उन्हाळ्यात ती बाहेर ठेवतो. २०२२ च्या सुधारणा अधिनियमाने १०० किलोवॅट वा अधिक विद्युत भार असलेल्या मोठ्या निवासी इमारतींनाही संहितेच्या कक्षेत आणण्याची तरतूद केली.

परंतु संहितांचा रोख नव्या आणि मोठ्या इमारतींकडे आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अंतर्गत डोंगराळ भागात प्रति घर १.३० लाख रुपयांचे साहाय्य नवे पक्के घर बांधण्यासाठी मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्य घर योजना एक कोटी घरांच्या छपरांवर सौर वीज आणू पाहते. फेब्रुवारी २०१९ मध्ये श्रीनगर-लेह पारेषण वाहिनीचे उद्घाटन होऊन लडाख राष्ट्रीय विद्युत जाळ्याशी जोडला गेला. या साऱ्या उपक्रमांत घर आणि वीज आहे. मात्र उभ्या असलेल्या जुन्या घराची गळती रोखण्यासाठीचा ठळक कार्यक्रम त्यांत नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी पुढील बाबींचा विचार व्हावा :

१. गावपातळीवर जुन्या घरांची साधी ऊर्जा-तपासणी आणि छत व फटी यांना अग्रक्रम.
२. गवंडी, सुतार यांचे प्रशिक्षण. लोकर व पेंढ्याच्या पट्ट्या तयार करण्यात महिला बचत गटांचा सहभाग.
३. उष्मापंपासाठीचे साहाय्य गळती रोखण्याच्या कामाशी जोडणे.
४. काम झाल्यावर हिवाळ्यात आतील तापमान व इंधनाची प्रत्यक्ष नोंद.

शेवटच्या बाबीचे महत्त्व ब्रिटनच्या अनुभवावरून ध्यानी येते. तेथे शासकीय योजनांखाली जुन्या घरांच्या भिंतींना बाहेरून बसविलेल्या उष्णतारोधक थरांपैकी बहुतांश कामे सदोष असल्याचे तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दाखवून दिले. अशा दोषांमुळे भिंतींत ओल व बुरशी शिरते. घरांची संख्या गाठणे म्हणजे उद्दिष्ट गाठणे नव्हे.

सावधगिरीचे मुद्दे

फटी बुजविताना खोलीत पेटती बुखारी, कांगडी किंवा गॅस हीटर असेल तर ताज्या हवेची नियंत्रित सोय ठेवणे बंधनकारक मानावे. अन्यथा उपायच जीवघेणा ठरेल. हिमालय भूकंपप्रवण असल्याने छतावर मातीचे जड थर चढविणे टाळावे. ऑगस्ट २०१० मध्ये लेह येथे ढगफुटीने मातीच्या घरांचे मोठे नुकसान झाले. म्हणून उष्णतारोधक थरावर पाण्याचा निचरा होणारे आच्छादन हवे. आणखी एक गोष्ट अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावी. घर सुधारल्यावर कुटुंब बचतीचा काही भाग अधिक उबेसाठी वापरते. याला प्रतिक्षेप परिणाम म्हणतात. थंडीत कुडकुडणाऱ्या घराच्या बाबतीत हा परिणाम योजनेचे अपयश नसून तिचा लाभ समजावा. मात्र उत्सर्जनातील घटीचा अंदाज करताना तो हिशेबात धरला पाहिजे.

समारोप

भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. हे उद्दिष्ट केवळ मोठ्या प्रकल्पांनी साध्य होणारे नाही. हिमालयातील एका जुन्या खोलीची गरज ४९ युनिटांवरून १९ वर आणि सूर्याच्या मदतीने १० वर आणता येते, हे आपण पाहिले. त्या फरकात शेतात परत जाणारे शेण आहे, उन्हाळ्यात मोकळे झालेले स्त्रियांचे हात आहेत आणि धुराविना अभ्यास करणारी मुले आहेत. इंधन बदलण्यापूर्वी घराकडे पाहावे, हाच या विषयाचा सारांश होय.

सरावासाठी प्रश्न

१. यू-मूल्य म्हणजे काय? थंड हवामान विभागासाठी इको निवास संहितेतील तरतुदी सांगा.
२. ट्रॉम्ब भिंत आणि थेट ग्रहण यांतील फरक स्पष्ट करा. लडाख व काश्मीर खोरे यांपैकी कोठे त्या अधिक उपयुक्त ठरतील व का?
३. ‘विजेवर चालणारे प्रत्येक तापनसाधन स्वच्छ असते.’ भारतीय विद्युत जाळ्याच्या संदर्भात या विधानाचे परीक्षण करा.
४. डोंगराळ भागातील जुन्या घरांच्या ऊर्जा-सुधारणेसाठी केंद्र शासनाच्या विद्यमान योजनांचा समन्वय कसा साधता येईल? चर्चा करा.